तिसऱ्या हाकेला ओ

हळदीचा माल पारखायची एक रीत आहे. रंगावर जायचं नाही, वासावर तर मुळीच नाही. रंग आणि वास दोन्ही वरून चढवता येतात. कांडी कानापाशी धरायची आणि मोडायची. टण्‌कन वाजली तर माल आतपर्यंत वाळलेला, मुकाट तुटली तर आत ओल. वसमतच्या मोंढ्यात, जमील शेठच्या आडतीवर, हे रोजचंच. पण आडत्याच्या आधी स्वतःच कांडी मोडून डोळे मिटून कान देणारा कास्तकार एकच होता, कुरुंद्याचा प्रेमानंद. भिवाजीचा मुलगा, फौजेतून हवालदार होऊन गावी परतलेला. 'अजून ऊन मागतोय' असं त्यानं आपल्याच मालाबद्दल म्हटलं, की जमील वाद न घालता पोतं परत गाडीत टाकायला सांगे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे ऐकायला येणार आहे ते ऐकणारा माणूस हलक्या कानाचा नव्हता.

त्या दिवशी तो नमुनाच घेऊन आला होता. मार्च सरत आलेला, ऊन असं की डांबर मोटारसायकलच्या चाकाला धरत होतं. हँडलला अडकवलेली थैली घेऊन तो आत आला, तक्क्याशी टेकला आणि नेहमीसारखी एक कांडी काढून कानाशी मोडली.

"वाजली," तो म्हणाला.

जमील वजनकाट्यामागून त्याच्याकडे बघत राहिला. "न्हाई वाजली, हवालदार साब. मुकाट गेली."

प्रेमानंदानं दुसरी मोडली. त्याच्या कानात ती पितळेची वाटी पडावी तशी वाजली. जमीलनं पुन्हा मान हलवली. मग त्यानं स्वतः त्याच थैलीतली एक कांडी उचलून मोडली, आणि ती अशी खणखणीत वाजली की दाराशी बसलेल्या हमालानंही वर पाहिलं. एकाच कढईत उकडलेला माल, एकाच अंगणात वाळलेला. जमील हसला, म्हणाला उन्हानं माझेच कान गेले असतील, आणि चहा सांगितला. एरवी प्रेमानंदानं यावर त्याची चांगली खेचली असती. आज तो थैलीचं तोंड बांधत, सोडत बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"शेठ, रानात मला कुणीतरी हाक मारून राहिलं."

"कोण?"

"मारियाल."

जमीलला हे नाव नवीन नव्हतं. याच तक्क्याशी बसून प्रेमानंदानं त्याला इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या, की दक्षिण सुदानातल्या त्या नदीकाठच्या ठाण्याची वाट जमीलला औंढ्याच्या वाटेइतकी पाठ झाली होती. फौजेची पलटण निळ्या टोप्या घालून तिकडं शांतीसेनेत गेली, तेव्हा प्रेमानंद तिच्यात होता. माणसं जोडायची त्याची हातोटी बघून साहेबानं त्याला तिथल्या पोलीस ठाण्याला सल्ला द्यायला धाडलं. सल्लागार! जमील यावर दरवेळी म्हणायचा, फुकट सल्ला तर आमच्या आडतीवर बी मिळते, त्यासाठी दर्या ओलांडून कशाला जायचं.

ठाणं म्हणजे एक पत्र्याची शेड, एक टेबल, आणि कोठडी म्हणून जहाजावरचा रिकामा लोखंडी कंटेनर. रोज सकाळी पांढऱ्या गाडीतून प्रेमानंद यायचा तेव्हा शिपाई हजेरीला उभे असायचे, निम्मे बूट घातलेले, निम्मे चपलांवर, एकजण तर एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून अगदी ताठ. त्यांच्यात सगळ्यांत उंच तो मारियाल. कपाळावर लहानपणी कोरलेल्या रेघा, आणि हसला की सगळं तोंड दातांचं. प्रेमानंदाचं नाव त्याच्या जिभेवर बसेना. 'परमान' एवढंच बसलं.

भाषेचं अडलं नाही. तिकडची मोडकी अरबी आणि आपल्या निजामाच्या वेळेपासून राहिलेले शब्द यांचं कुठंतरी जुनं सोयरपण आहे. साबून तिकडंही साबून, किताब ती किताबच, कुर्सीही तीच; फक्त 'तमाम' म्हणजे तिकडं 'सगळं ठीक'. उरलेलं फौजी हिंदीनं भागवलं आणि त्यातही कमी पडलं तर कुरुंद्याच्या बोलीनं. मारियाल पुढं पुढं हिंदीत 'क्यों' म्हणायच्या ऐवजी सरळ 'काहून' म्हणू लागला, आणि पंजाबचा रतनसिंग, प्रेमानंदाचा पलटणीतला जोडीदार, हसून हसून खाली बसायचा.

सल्ला तरी काय असायचा? तक्रार घेऊन बाई आली तर आधी बसायला सांग, पाणी दे, मग विचार. धरून आणलेल्याला उन्हात उभा करू नको. दारू प्यायला असशील तर बंदूक दुसऱ्याकडं दे. एवढंच. बाकी तक्रारी सगळ्या गुरांच्या. बैल चोरला, गाय हाकून नेली. तक्रारदार आपल्या जनावराचं वर्णन गाऊन करायचा, आणि प्रेमानंद त्याला मध्येच थांबवून शिंगांचा वळसा विचारायचा. बाप बैलांत वाढलेला, पोरगा बैलांत वाढलेला. त्याला हे ऐकायला कंटाळा येत नसे. खिशात भिवाजीच्या लाल कंधारी जोडीचा फोटो असायचा. मारियाल तो रोज बघायला मागायचा, जसं काही काल बघितल्यावर बैल रात्रीतून मोठे झाले असतील.

दुपारी ज्वारीची पातळ, आंबूस पोळी यायची, आपल्या धिरड्याच्या चुलत बहिणीसारखी. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत यायचं. अंबाडी! आईच्या हातच्या भाजीची आठवण होऊन तो आणखी एक पेला मागायचा. आणि पाऊस पडला की जमीन अशी काळी, अशी चिकट व्हायची की पलटणीच्या गाड्या रुतून बसायच्या आणि प्रेमानंद चिखलात उभा राहून एकटाच खूश असायचा. वास घरचा होता. 'तिकडं मी परदेशात असल्यासारखं मला एकदाच वाटलं,' तो जमीलला म्हणाला होता, 'परत येताना, इमानात बसलो तेव्हा.'

पण दिवस मावळायला लागला की ठाण्यातलं हसणं कमी व्हायचं. गेट म्हणजे वाकलेल्या गजांचा एक सांगाडा, आणि त्याच्या पलीकडं माणसाच्या उंचीचं गवत. गवतातून हाका यायच्या. शिपायाचं नाव घेऊन, ओळखीच्या आवाजात. उघडायला गेलेला परत यायचा नाही असं तिथं घडून गेलं होतं. हाक मारणारे टोळीवाले होते की आणखी कुणी, हे कुणी बोलत नसे.

तेव्हा प्रेमानंदानं त्यांना एक सल्ला दिला, जो कुठल्या फौजी पुस्तकात नव्हता. तो त्याच्या आईचा, पद्माबाईचा होता. पद्माबाई विहारात जाणारी, नवस-अंगारा घरात न शिरू देणारी बाई. भुताखेताचं नाव काढलं तर पोरांना दटावायची. पण एक गोष्ट तिनंही सोडली नव्हती: बाहेरून हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. 'जित्या माणसाला घाई असते, आशा असते. तो तिसरी मारतोच. दुसऱ्यांचा दम दोनातच सरतो.' प्रेमानंद सुट्टीवर घरी आला तरी दारात उभा राहून तीन हाका मारायचा, तेव्हा कुठं आतून 'ओ' यायची आणि कडी निघायची. ट्रंक डोक्यावर घेऊन उभा असलेला हमालही हसायचा.

ठाण्यातल्या शिपायांना हे इतकं पटलं, की जणू त्यांच्याच आज्यांनी सांगितलं होतं. तिसऱ्या हाकेला आतून 'ओ' द्यायची, मग गेट. सगळं ठाणं कुरुंद्यासारखं 'ओ' द्यायला लागलं. एका संध्याकाळी पावसानंतर गवतातून मारियालला हाक आली. त्याचा चेहरा बदलला. आवाज त्याच्या भावाचा होता, आणि भाऊ आदल्याच पावसाळ्यात पुरला होता. एक हाक. मग दुसरी. मारियालचा हात गेटच्या साखळीवर होता. प्रेमानंदानं त्याचं मनगट धरलं, आणि दोघं तिसरीची वाट बघत उभे राहिले... ती आली नाही. सकाळी गेटबाहेर गवत आडवं झालेलं होतं. काळ्या ओल्या मातीत बगळ्याचासुद्धा पाय उमटतो. पण तिथं काहीच उमटलेलं नव्हतं.

प्रेमानंद परत निघाला त्या दिवशी मारियाल गेटपाशी उभा होता. त्याला लिहिता येत नव्हतं, फोनला तिकडं कधी रेंज असे, कधी टॉवरच नसे. तू जिवंत आहेस हे मला कसं कळणार, असं त्यानं विचारलं. प्रेमानंदानं हसण्यावारी नेलं. म्हणाला, येईन तुझ्या गेटवर आणि हाक मारीन. तीन मारल्या तर जिवंत. दोनवर थांबलो, तर उघडू नको. तुझंही तसंच. मारियाल हसला नाही. त्यानं ते ठरलेल्या सौद्यासारखं घेतलं, हातावर हात मारला.

वर्षं गेली. पद्माबाई गेली, भिवाजी गेला, प्रेमानंद पेन्शन घेऊन हळद करू लागला. आणि यंदा, हळद उकरायच्या सुमाराला, त्या भागात पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची बातमी फोनवर आली. ठाण्याच्या गावाचं नाव त्यात होतं. प्रेमानंदानं रतनसिंगला फोन लावला. रतनसिंगचा धाकटा भाऊ रणजीत आता त्याच भागात पलटणीबरोबर होता. रणजीतकडं निरोप गेला, उत्तर काही आलं नाही.

त्याच आठवड्यात विहिरीवर मोटार लावताना प्रेमानंद स्टार्टरला चिकटला. क्षणभर. फेकला गेला तो थेट बांधावर. उठला, कपडे झटकले, सरिताला म्हणजे बायकोला सांगितलं की काही झालं नाही. आणि खरंच काही झालं नव्हतं. जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी कढई पेटवली. गावात बहुतेकांनी वाफेचे कुकर घेतलेत, पण त्याला कढईच लागायची. कुकर शिट्ट्या मारतो, माणसाला बोलू देत नाही, असं त्याचं म्हणणं.

हाका सुरू झाल्या त्या तेव्हापासून. भर दुपारी. बाया भाकरी खायला लिंबाखाली गेलेल्या, कढईतलं पाणी रटरटतंय, हळदीची कच्ची, मातकट वाफ नाकात बसलेली, वारा पडलेला. आणि वाफेच्या पलीकडून, उसाच्या फडाच्या बाजूनं...

"परमान..."

थोडं थांबून, जरा जवळून,

"परमान..."

मग काही नाही. कढईचा आवाजही तेवढ्यापुरता थांबल्यासारखा. जगात त्याला त्या नावानं हाक मारणारा माणूस एकच होता. पहिल्या दिवशी तो 'ओ' द्यायला तोंड उघडून तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून तो ती वेळ साधून कढईपाशी बसू लागला. मनात एकच चालायचं, तिसरी मार रे गड्या, एकदा तिसरी मार. ती आली असती तर मारियाल जिवंत होता. रोज दोनवर थांबायचं, आणि रोज प्रेमानंद एक माणूस नव्यानं गमवायचा. सरिताला त्यानं सांगितलं नाही. तिला एवढंच दिसे की नवरा जेवायचं सोडून वाफेत बघत बसतो, आणि बैल हल्ली त्याच्या हातून पाणी पीत नाहीत.

हे सगळं सांगून तो थांबला तेव्हा चहा येऊन निवला होता. माणसं गेली की अशीच येतात थोडे दिवस, असं काहीतरी म्हणायला जमील तोंड उघडणार, तोच प्रेमानंदाचा फोन वाजला. रतनसिंगचा निरोप. 'मिल गया तेरा यार. सुन.' खाली एक आवाजी संदेश, रणजीतनं तिकडून पाठवलेला.

प्रेमानंदानं फोन पुढं केला, आणि जमीलनंच तो संदेश लावला. आधी वारा, कोंबडा, गजांचा खणखणाट. मग तोच आवाज, म्हातारा झालेला.

"परमान. मैं मारियाल. तमाम. सब तमाम..."

प्रेमानंदानं मांडीवर थाप मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "जिता हाय, शेठ. जिता हाय माझा गडी."

पण संदेश संपला नव्हता.

"परमान, तुम रोज सुबह हाजिरी के टैम गेट पे आता. दो बार बुलाता... मारियाल, मारियाल... बस. तीसरा काहून नहीं? मैं अंदर से पूछता, परमान? परमान? तुम चुप. तीसरा बोलो, परमान. मैं ओ देगा. गेट खोलेगा. मैं इधर ही खड़ा है."

पंखा फिरत होता. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. हे गणित प्रेमानंदानंच कधीतरी जमीलला सांगितलं होतं, आणि कढईपाशीच्या हाका भर दुपारीच यायच्या.

"थांबा, फिरून एकदा लावतो," जमील म्हणाला. पुन्हा ऐकून झाल्यावर त्यानं फोन पालथा ठेवला. "हवालदार साब, तुमचा सौदा काय ठरला व्हता?"

प्रेमानंद हसतच होता. हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस कुठंतरी गेला. जमीलनं एकदम त्याचा हात हातात घेतला. हात गरम होता. उन्हातून आलेल्या माणसाचा हात गरमच असणार. जमीलनं मोडलेल्या दोन मुक्या कांड्यांकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"तुमी तर हे काय, माझ्यासमोर बसलेले हायत," तो म्हणाला. "आवाज ऐकून राहिलो मी तुमचा... घरी जा. माल राहू द्या. घरी जा, आन् दारात उभं राहून तीन हाका मारा. मोठ्यानं."

वसमत ते कुरुंदा हा रस्ता प्रेमानंदानं कसा कापला ते त्याला आठवलं नाही. दोन्ही बाजूंना अंगणा-अंगणात हळद वाळत पडलेली, पिवळी, डोळे दिपवणारी, आणि माणूस कुठंच नाही. दुपारी गावात दारं लावून घेतात, झळ आत येऊ नये म्हणून. त्याचंही दार लावलेलं होतं. दारापुढच्या लिंबाखाली शेळी रवंथ करत बसली होती.

त्यानं गाडी लावली. घसा खाकरला. आईच्या वेळेपासून उभा राहायचा तिथंच, पायरीच्या खाली उभा राहिला, आणि मुलीला हाक मारली.

"सपना..."

शेळीनं मान वर केली. आत मुलीची काहीतरी चाहूल लागली.

"सपना..."

शेळीचे कान उभे राहिले.

तिसरी त्यानं पोटातून मारली. परेडच्या मैदानावर मारायचा तशी, गल्लीच्या टोकापर्यंत जावी अशी. घसा सोलून निघाला. त्या हाकेत सगळं होतं, विमानात बसताना न मारलेली हाकसुद्धा.

शेळीनं मान खाली घातली आणि रवंथ करू लागली.

आत पावलं वाजली. दारापर्यंत आली. कडीला हात लागल्याचा बारीक आवाज झाला, आणि थांबला.

"आई, बाबाच हायेत की. काढू का कडी?"

"थांब," सरिताचा आवाज अगदी हळू, दाराला लागूनच. "दोनच झाल्या... तिसरी येऊ दे."

प्रेमानंद पायरीखाली उभा राहिला. मघाच्या हाकेनं घसा अजून जळत होता. त्यानं दाराकडं हात केला, आणि तसाच धरून ठेवला, कारण पाठीमागून वारा आला होता. त्या उन्हात, त्या धुळीत, ओल्या काळ्या मातीचा वास होता त्याला, आणि आंबवलेल्या ज्वारीचा. खूप लांब कुठंतरी साखळी निघाली. वाकलेल्या गजांचं गेट जमिनीवर खरवडत, सावकाश उघडत गेलं.

आणि त्याच्या तिसऱ्या हाकेला, मागून, कुणीतरी प्रेमानं ओ दिली.